थरथरणाऱ्या गिअरबॉक्सला खुराक कशाला?

*प्रिय ताई,*
*माझ्याकडे २०१६ची फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय ऑटोमॅटिक आहे. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, आता ८४ हजार किलोमीटर झालेत. हायवेला गाडी मक्खन आहे. पण दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथरते, कधी झटकाही देते. मित्रानं त्याच्या गाडीचं स्टेज वन केलंय, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवलीय. मलाही गिअरबॉक्स मॉडिफाय करून घ्यायचा आहे. म्हणजे गिअरबॉक्सचं रिमॅप, लाँच कंट्रोल आणि जमलं तर तगडा क्लच. अमेरिकेतले लोक व्हिडिओत शिफ्ट किट बसवतात, तसं आपल्याकडे होतं का? एका गॅरेजवाल्यानं फोनवरच ‘मेकॅट्रॉनिक गेलाय, पंचाहत्तर हजार’ सांगितलं. दुसरा म्हणतो, रिमॅप केलं की झटके आपोआप जातात. कोल्हापुरात किंवा जवळपास याचं नीट काम करणारं गॅरेज कसं शोधू?*
*– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर*

नमस्कार,

तुमच्या पत्रात एक तक्रार आहे आणि एक हौस आहे. दोन्हींचं तुम्ही एकच बोचकं बांधलंय. गॅरेजवाल्यांना हे फार सोयीचं असतं, कारण दुरुस्तीचं बिल हौसेच्या नावावर खपून जातं आणि गिऱ्हाईक खुशीत घरी जातं. तुम्ही पैलवानांच्या गावात राहता, म्हणून तिथल्याच हिशेबानं सांगते. गुडघा दुखावलेल्या गड्याचा खुराक वाढवून वस्ताद त्याला आखाड्यात उतरवत नाही.

आधी तुमच्या बॉनेटखाली काय आहे ते बघू. तुमच्या गाडीत सात गिअरचा डीएसजी आहे, जाणकार त्याला डीक्यू २०० म्हणतात. आतून तो मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच दोन आहेत. एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा, सातवा सांभाळतो. दुसऱ्याच्या वाट्याला दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. तुम्ही पहिल्यात असता तेव्हा दुसरा गिअर आधीच टाकून तयार असतो, एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो. हे सगळं करतो तो मेकॅट्रॉनिक, म्हणजे कॉम्प्युटर आणि हायड्रॉलिक यांचा एकच डबा, ज्याचं तेलही गिअरच्या तेलापासून वेगळं असतं.

महत्त्वाची गोष्ट अशी की हे दोन्ही क्लच कोरडे आहेत. २०१७च्या ऑक्टाव्हिया आरएसमधल्या सहा गिअरच्या डीएसजीचे क्लच तेलात बुडालेले असतात, तापले तर तेल ती उष्णता घेऊन जातं. तुमच्या क्लचला ती चैन नाही. हायवेला क्लच पूर्ण पकडलेला असतो, घासायचा प्रश्नच येत नाही, म्हणून तिथं तुमची गाडी मक्खन. दाभोळकर कॉर्नरला मात्र ती चालण्याच्या वेगानं सरकत राहते. गिअरबॉक्स घाईनं दुसरा टाकतो आणि तो क्लच अर्धवट पकडून घासत राहतो. नवशिक्या ड्रायव्हरनं गर्दीत क्लचवर पाय ठेवून गाडी चालवावी तसंच, फक्त इथं पाय कॉम्प्युटरचा आहे. ८४ हजार किलोमीटरनंतर शहरात फिरलेल्या गाडीचा दुसरा क्लच थरथरायला लागला तर त्यात नवल नाही. पहिले मालक कुठल्या गर्दीत फिरत होते, देव जाणे.

एक गोष्ट घरी करून बघा. सकाळी गाडी थंड असताना आणि संध्याकाळी अर्धा तास गर्दीत फिरून आल्यावर, दोन्ही वेळा सौम्य चढावर हळूच रिव्हर्स घ्या. रिव्हर्स त्याच दुसऱ्या क्लचवर आहे. तिथंही तीच थरथर जाणवली, आणि तापल्यावर वाढली, तर बोट क्लचकडे जातं. हे निदान नाही, पण गॅरेजात जाताना हातात काहीतरी असेल.

आता त्या अमेरिकन व्हिडिओंबद्दल. त्यात तो दाढीवाला माणूस गाडीखालून तेलाचा पॅन काढतो, व्हॉल्व्ह बॉडी खाली घेतो, दोन-तीन स्प्रिंगा बदलतो, पत्र्याच्या प्लेटमधली भोकं ड्रिलनं मोठी करतो. तो गिअरबॉक्स बहुधा जनरल मोटर्सचा फोर-एल-सिक्स्टी-ई असतो, कॅमॅरो आणि पिकअप ट्रकमध्ये असायचा तो. त्यात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून पुढं पोचवणारा भाग असतो आणि आतले क्लच तेलाच्या दाबावर चालतात. कंपनीनं आरामासाठी गिअर हळुवार बदलायला ठेवलेला असतो, किट घातलं की दाब वाढतो, गिअर ठामपणे पडतो, घसरण कमी होते. तिकडे पन्नास वर्षांची ही विद्या आहे आणि कामही खरं आहे. पण तुमच्या गिअरबॉक्समध्ये त्यातलं काहीच नाही. तुमच्याकडे ‘मॉडिफाय’ म्हणजे नव्वद टक्के लॅपटॉप. गिअर कधी बदलायचा, किती झपाट्यानं, किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, येऊ द्यायचा, हे आकडे बदलायचे, बस्स. यालाच रिमॅप म्हणतात. म्हणून उद्यमनगरातल्या लेथवाल्यांचा इथं उपयोग नाही. हे मी आदरानंच म्हणतेय, त्या गल्ल्यांत माणसं हातानं काय काय घडवतात ते मी पाहिलंय.

आकडे सांगायचे तर तुमचं १.२ लिटरचं इंजिन कंपनीतून १७५ न्यूटन मीटर टॉर्क देतं आणि हा गिअरबॉक्स बनवलाय २५० पर्यंत. मधल्या फटीवर सगळा रिमॅपचा धंदा चालतो. गिअरबॉक्स निरोगी असेल तर समजूतदार रिमॅप त्या फटीत बसतं. पण झिजलेल्या क्लचला २५० चा आकडा लागू होत नाही. ‘रिमॅपनं झटके जातात’ म्हणणारा माणूस पूर्ण खोटं बोलत नाही हे मात्र खरं. आकडे बदलले, क्लचची पकड नव्यानं शिकवली की गाडी काही आठवडे गुळगुळीत चालते. मग परत तेच, आणि तोवर तुमचे पैसे चुकते झालेले असतात. लाँच कंट्रोलला माझा साफ नकार आहे. ब्रेक दाबून रेस वाढवायची आणि ब्रेक सोडला की सगळा जोर एकदम कोरड्या क्लचवर सोडायचा. दोस्तांसमोर दहा वेळा काटा किर्र वाटतं, त्याचा हिशेब पुढच्या क्लच किटच्या बिलात लागतो.

फोनवर पंचाहत्तर हजार सांगणाऱ्या त्या गॅरेजवाल्यानं एक साधा प्रश्न विचारला होता का, गाडी कोणत्या सालची? २०२० पासून पोलो जीटी टीएसआयमध्ये एक लिटरचं इंजिन आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आला. नाव तेच, गिअरबॉक्स अगदी वेगळा. साल न विचारता जो मेकॅट्रॉनिकचा भाव सांगतो, त्याच्याकडे तुमच्या गाडीला मेकॅट्रॉनिक आहे की नाही याचीही खात्री नाही.

मेकॅट्रॉनिक जातच नाही असं मी म्हणत नाही. या गिअरबॉक्सचं ते दुखणं जगभर नावाजलेलं आहे. दाब साठवणारा एक डबा असतो, तो जिथं बसतो तिथलं ॲल्युमिनिअम तडकतं, दाब निघून जातो, पंप सारखा चालत राहतो आणि स्कॅनरवर पी १७ बीएफ हा कोड येतो. पण तेव्हा थरथर होत नाही, गाडी गिअरच घेत नाही, डिस्प्लेवर गिअरचं अक्षर लुकलुकायला लागतं. तुमच्या पत्रात त्यातलं काही नाही.

तेव्हा पहिला खर्च स्कॅनचा. त्यासाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ओडिस नावाचं सॉफ्टवेअर असतं, बाहेरच्या चांगल्या गॅरेजात व्हीसीडीएस असतं, दोन्ही चालतील. फक्त ‘स्कॅन करा’ म्हणू नका. नुसते कोड वाचून ‘कोड नाही, गाडी ओके’ म्हणून परत पाठवतात. असं म्हणा: दोन्ही क्लचची ॲडाप्टेशन व्हॅल्यू (कॉम्प्युटरनं शिकलेल्या पकडीचे आकडे) आणि क्लचचं तापमान दाखवा, गाडी गरम असताना, आणि स्क्रीनचा फोटो काढू द्या. त्याची वेगळी फी खळखळ न करता द्या. निदानाचे पैसे घेणाऱ्या माणसाला पार्ट विकून ते भरून काढायची घाई नसते.

आता तुमचा खरा प्रश्न, गॅरेज शोधायचं कसं. पाट्या वाचून कळत नाही, ‘ऑल ऑटोमॅटिक’ लिहायला रंगाऱ्याला शंभर रुपये लागतात. मी एक जुनी युक्ती सांगते. तुमच्या ओळखीच्या साध्या मेकॅनिककडे जा, जो ब्रेक-क्लच-सस्पेन्शन करतो, आणि विचारा, ‘मामा, तुमच्याकडे डीएसजी आली आणि गिअरबॉक्स खाली घ्यायची वेळ आली, तर तुम्ही कुठं पाठवता?’ प्रत्येक मेकॅनिकचा असा एक माणूस असतो, ज्याच्यासमोर तो स्वतः हात टेकतो. तीन-चार मेकॅनिकना विचारा. एकच नाव दोनदा आलं की तिथं जा. दुसरी जागा म्हणजे स्पेअर पार्टच्या दुकानाचा काउंटर. या डीएसजीचं क्लच किट लुक (LuK) नावाच्या कंपनीचं येतं. काउंटरवरच्या पोराला माहीत असतं की वर्षभरात ते किट कोण घेऊन जातं, आणि पंधरा दिवसांत दुसरं मागायला कोण परत येतं.

कोल्हापुरात असं नाव मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर पुण्याला जायची तयारी ठेवा. सव्वादोनशे किलोमीटर आहे, पण पोलो चाकणलाच बनायची, पुणे-पिंपरीकडे अशा गाड्या ढिगानं आहेत आणि जो आठवड्याला दोन डीएसजी उघडतो त्याचा हात वेगळा चालतो. गाडी धड चालतेय तोवर चालवत न्या. मध्येच गिअर जायला लागले तर दोरीनं ओढत नेऊ नका, फ्लॅटबेडवर घाला.

आणि पैसे देण्याआधी अर्धा तास तिथं नुसते उभे राहा. हे मी का सांगते ते ऐका. काही वर्षांपूर्वी माझ्या सीव्हीटी गाडीचं तेल बदलायला एका चांगल्या नावाजलेल्या गॅरेजात गेले. फरशी चकाचक, चहा आला, सोफा होता. मी विचारलं, तेल कोणतं घालणार? तर मॅनेजर म्हणाला, ‘मॅडम, ऑटोमॅटिकचं. साहेब आले असते तर समजावलं असतं.’ साहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, स्टेपनी कुठं असते हेसुद्धा माहीत नाही, पण ते जाऊ दे. सीव्हीटीत दोन पुल्या आणि स्टीलचा पट्टा असतो, तो पट्टा घसरू नये असं वेगळंच तेल लागतं. यांनी साध्या ऑटोमॅटिकचं तेल, म्हणजे एटीएफ, ओतलं. तीन आठवड्यांत गाडी चढावर रडायला लागली, मिक्सरमध्ये रिकामं भांडं फिरावं तसा आवाज. परत गेले तेव्हा सोफ्यावर न बसता मागच्या बाजूला गेले. कोपऱ्यात रिकाम्या डब्यांचा ढीग होता. सगळे डबे एकाच तेलाचे, आणि त्या दिवशी लिफ्टवर तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ऑटोमॅटिक गाड्या होत्या. हे पहिल्या दिवशीच बघितलं असतं तर माझा गिअरबॉक्स वाचला असता.

तेव्हा मागं जाऊन डबे बघा. उघडलेला गिअरबॉक्स कुठं ठेवलाय ते बघा, झाकलेला आहे की शेजारीच कोणी ग्राइंडर मारतोय. मग बोला. क्लच बदलताना शिमची, म्हणजे अंतर जुळवायला घालतात त्या पातळ चकतीची, जाडी कशानं मोजता, हे विचारा. या कोरड्या क्लचला मोजमापाचं खास गेज लागतं, ते मापून योग्य जाडीचा शिम घालावा लागतो. ‘अंदाज येतो हो, वीस वर्षं करतोय’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. काम झाल्यावर बेसिक सेटिंग करता का, म्हणजे नव्या क्लचची पकड कॉम्प्युटरला शिकवता का, हेही विचारा. ते न करता गाडी दिली तर नवा क्लचसुद्धा जुन्यासारखाच झटके देतो आणि मग ‘आता मेकॅट्रॉनिक बघावा लागेल’ सुरू होतं. जुना क्लच हातात परत मागा. बिल पक्कं, त्यावर किटचा नंबर आणि किती महिन्यांची जबाबदारी ते लिहून. चांगल्या गॅरेजची माझी स्वतःची खूण अशी की तो तुम्हाला एखादी गोष्ट नाही म्हणतो. माझ्या ओळखीचा एक जण लाँच कंट्रोल मागायला आलेल्या पोरांना सरळ सांगतो, ‘दुसरीकडून करून घ्या आणि क्लच जळला की माझ्याकडे या.’ त्याच्याकडे तीन आठवड्यांची वेटिंग असते.

क्लच बदलला, दीड-दोन हजार किलोमीटर गाडी शांतपणे चालवली, थरथर गेली, आणि तरीही हौस शिल्लक असेल, तर मी आडवी येणार नाही. गिअरबॉक्सचं सौम्य रिमॅप करून घ्या. इंजिनाचा कॉम्प्युटर वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा. फक्त इंजिनाचा टॉर्क वाढवला तर गिअरबॉक्स आपल्या मर्यादेवर त्याला अडवत बसतो, म्हणून दोन्ही एकाच माणसाकडून, एकमेकांशी जुळवून. कंपनीची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. ती देत नाही असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडे ती नाही. आणि ‘तगडा क्लच’ विसरा, २५० च्या आत राहणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही.

कायद्याचं दोन ओळींत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. झिजलेला क्लच तसाच नवा घालणं ही दुरुस्ती आहे, तिला कोणी हरकत घेत नाही. रिमॅपचं तसं नाही. तुमचं आरसीचं कार्ड काढून बघा, त्यावर हॉर्सपॉवरचा रकाना सापडेल. तावडे हॉटेलला उभा असलेला पोलीस तुमचं सॉफ्टवेअर वाचणार नाही हे खरं, पण मोठा अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीत काय काय बदललंय ते विचारतो. न कळवलेला बदल निघाला की क्लेमची रडकथा सुरू. तुमच्या एजंटला आधी लेखी विचारा. तो वैतागेल, वैतागू दे.

ज्यांच्याकडे वॅगन आर किंवा सेलेरियोसारखी एएमटी आहे आणि जे हे वाचून घाबरलेत, त्यांच्यासाठी: तुमचा गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच आहे, वर फक्त गिअर टाकणारा यांत्रिक हात बसवलाय. त्याचा क्लच शहाणा मेकॅनिक गावातसुद्धा बदलू शकतो, फक्त नंतर स्कॅनर लावून पकड शिकवायला लावा. त्याचं डुलणं मात्र कुठल्याही मॉडिफिकेशननं जाणार नाही. गिअर बदलताना क्षणभर ॲक्सिलरेटर सैल करायची सवय लावली की निम्मं कमी होतं, आणि ते फुकट आहे.

तुमच्यासाठीही फुकटातलं थोडं. गर्दीत पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून इंच-इंच सरकू नका. ब्रेक पूर्ण दाबून थांबा, दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, मग निघा. ब्रेक नीट दाबलेला असला की क्लच पूर्ण सुटतो, अर्धवट दाबलेला असला की घासत राहतो. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे, त्याचा क्लच त्याचा तो बघेल. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर आजच सोडा, त्याला हँडब्रेक आहे. आंबोली चढताना गिअर लिव्हर मॅन्युअलच्या बाजूला टाकून वळणावळणाला गिअर स्वतः धरून ठेवा. तिथं तुम्हाला कळेल की हा गिअरबॉक्स दुखत नसतो तेव्हा किती गोड असतो.

स्कॅनचे फोटो आले की मला पाठवा. दोन्ही क्लचचे आकडे दिसतील असे, आणि गाडी गरम असतानाचे.